तांबड्या पेशींची ‘लवचीकता’ आणि गाळणीतले आकडे : पार्श्वभूमी

मधुमेही हृदयाला इजा होत असताना एखादे औषध तांबड्या पेशींवर काय परिणाम करते, हा प्रश्न औषधांच्या इतिहासापेक्षा मोजमापाच्या इतिहासातून अधिक नीट उलगडतो. तांबडी पेशी सुमारे 7 ते 8 मायक्रॉन व्यासाची असते आणि हृदयस्नायूतल्या कित्येक केशवाहिन्या त्याहून अरुंद असतात, म्हणून तिला दुमडूनच पुढे सरकावे लागते. 1943 मध्ये अ‍ॅलॉक्सन आणि 1963 मध्ये स्ट्रेप्टोझोटोसिन या रसायनांनी प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत मधुमेह निर्माण करता येतो हे दिसले. 1974 मध्ये कुत्र्यांच्या हृदयात असे आढळले की मोठी वाहिनी मोकळी केल्यानंतरही आतल्या सूक्ष्म वाहिन्यांत रक्त शिरतेच असे नाही. मधुमेहात तांबड्या पेशी ताठ होतात, हे निरीक्षणही त्याच दशकात रुजले आणि या दोन धाग्यांची गाठ पुढे बसली.

गोंधळ सुरू होतो तो ‘लवचीकता’ या शब्दापासून. नागपुरातल्या शरीरक्रियाशास्त्राच्या वर्गात रबरी छल्ला ओढून दाखवला की विद्यार्थ्यांना हा शब्द लगेच पटतो, परंतु छल्ल्याचा गुण ताण सुटताच पूर्ववत होण्याचा आहे. दाबाखाली आकार बदलण्याची तयारी हा वेगळा गुण असून तो भिजवलेल्या कणकेत अधिक दिसतो. पेशीला दोन्ही लागतात. ही लवचीकता मोजणाऱ्या गाळणीला मात्र त्यांतला फरक कळत नाही. साधारण 5 मायक्रॉनच्या छिद्रांच्या पडद्यातून आधी नुसते द्रावण आणि मग पेशींचे पातळ मिश्रण ठरावीक वेगाने ढकलायचे, दोन्ही वेळचा दाब नोंदवायचा आणि गुणोत्तर काढायचे, अशी ही पद्धत आहे. येणारा आकडा अडथळ्याचा असतो, म्हणजे तो जितका मोठा तितकी पेशी ताठ. तरीही तक्त्याचे शीर्षक ‘लवचीकता’ असल्यामुळे निष्कर्ष उलटा वाचला जाण्याची सोय आपोआप होते. तापमानाचा प्रश्न वेगळाच. मे महिन्यात पंख्याखालच्या खोलीत द्रावण सकाळी मोजले आणि पेशी भर दुपारी, तर गुणोत्तरात औषधाइतकाच वाटा उन्हाचाही येतो.

याहून मोठा आक्षेप 1980च्या दशकात पुढे आला. पांढऱ्या पेशी आकाराने मोठ्या आणि कडक असतात, त्यामुळे त्या संख्येने थोड्या असल्या तरी छिद्रे अडवतात. त्या पुरेशा काढून न टाकता केलेल्या जुन्या मोजमापांत तांबड्या पेशींच्या माथी मारलेला ताठरपणा काही अंशी पांढऱ्या पेशींचा होता. पेंटॉक्सिफायलिन हे औषध अमेरिकेत 1984 मध्ये पायांतला रक्तपुरवठा कमी पडून चालताना होणाऱ्या वेदनांसाठी मंजूर झाले; ते तांबडी पेशी मऊ करते अशी त्याची ख्याती होती. पुढे त्याचा पांढऱ्या पेशींवरचा परिणामही स्पष्ट झाला, तरी पाठ्यपुस्तकांतले जुने वाक्य बराच काळ टिकले. ते तसे टिकायला नको होते.

नंतरच्या काळात उंदरांवरचे प्रयोग वाढले. स्ट्रेप्टोझोटोसिनने मधुमेह निर्माण करायचा, हृदयाची डावी पुढची धमनी काही काळ बांधून सोडायची आणि भुलीचे वा हृदयाला बळ देणारे औषध दिलेल्या गटाची इतरांशी तुलना करायची, हा त्यांचा साचा आहे. ग्लुकोज चिकटल्याने बिघडलेली पेशीपटलाखालची प्रथिने, रक्त पुन्हा वाहू लागताना उसळणारे ऑक्सिजनचे मुक्त कण आणि आत शिरणारे कॅल्शियम यांमुळे पेशी ताठ होते, हे स्पष्टीकरण पटण्याजोगे आहे. मात्र औषधाने पेशी थेट मऊ केली, की हृदयाची इजा कमी झाल्यामुळे पेशी आपोआप कमी ताठ झाली, हे अशा मांडणीतून वेगळे करता येत नाही.

ही कोंडी फोडणारे काम 2018 मध्ये आले. टाइप 2 मधुमेही रुग्णांच्या तांबड्या पेशी उंदराच्या वेगळ्या काढलेल्या हृदयाला दिल्यावर त्या हृदयाची रक्तबंदीनंतरची सुधारणा मंदावली, आणि पेशींतल्या आर्जिनेज या विकराला रोखल्यावर ती सुधारली. म्हणजे पेशी इथे निव्वळ वाहक राहिली नाही; रक्तवाहिन्या सैल करणारे नायट्रिक ऑक्साइड बनण्यासाठी लागणारे आर्जिनिन खर्चून टाकणारी ती स्वतःच अपायकारक ठरली. दरम्यान 2015 नंतर लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्यांनी हेमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातले तांबड्या पेशींचे प्रमाण, वाढते हे ठळक झाले. शरीरातले पाणी घटल्याने रक्त दाट झाले, एवढेच आधी मानले गेले. पुढे एरिथ्रोपोएटिन हे तांबड्या पेशी बनवायला लावणारे संप्रेरक वाढून नव्या पेशी तयार होतात, असे पुरावे आले.

विदर्भात या साऱ्याला आणखी एक पदर आहे, तो सिकलसेल या हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजाराचा. या आजारात तांबड्या पेशी लवकर नष्ट होतात, त्यामुळे एचबीएवनसी या गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणाऱ्या चाचणीचा आकडा प्रत्यक्ष साखरेपेक्षा कमी दिसू शकतो, आणि ऑक्सिजन घटल्यावर मधुमेहाचा संबंध नसतानाही पेशी ताठ होतात. म्हणून येथील रुग्णांचे रक्त गाळणीवर चढवण्यापूर्वी हिमोग्लोबिनचा प्रकार ओळखणारी इलेक्ट्रोफोरेसिस तपासणी करावी लागते. ती वगळली तर मधुमेहाच्या खात्यात सिकलसेलचा ताठरपणा जमा होतो.