नाराज : संमतीच्या कुळातला शब्द

‘नाराज’ मराठीत आला तो दफ्तराच्या वाटेने. 1347 साली बहमनी सत्ता स्थापन झाली आणि पुढची काही शतके दख्खनच्या कारभारावर फारसीचा पगडा राहिला. अर्ज, हजर, कर्ज, काजी हे शब्द याच संपर्कातले. या चारही शब्दांतला ‘ज’ मूळ अरबीत जड ‘द’सारखा आहे, फारसीत त्याचा ‘झ’ झाला, आपल्याकडे ‘ज’. अरबी ‘रादी’ म्हणजे संमत, संतुष्ट. त्याचाच ‘राजी’ झाला, त्याला नापसंत, नालायक यांतला फारसी ‘ना’ लागला आणि शेवटची ‘ई’ गळून ‘नाराज’ उरला. राजा-राज्याशी याचे काही नाते नाही.

नातेवाईक वेगळेच आहेत. ‘रजा’ याच धातूची: आधी अर्थ परवानगी, मग जाण्याची परवानगी, मग सुट्टी. ‘राजीनामा’ म्हणजे मुळात संमतीचा लेख. हिंदीत आजही तो तडजोडीचा कागद आहे. मुंबई इलाख्याच्या महसुली व्यवहारात मात्र जमिनीवरचा हक्क स्वखुशीने सोडताना राजीनामा लिहून देत आणि नवा खातेदार कबुलायत, म्हणजे अटी मान्य असल्याचा लेख, देई. हक्क सोडण्याचा हा अर्थ पद सोडण्याच्या अर्थाला अगदी लागून आहे.

संमतीचे हे मूळ ‘नाराज’च्या वापरात अजून जाणवते. काही अपेक्षा होती, ती मोडली, तिथेच हा शब्द बसतो. ‘आजोबा गेल्यामुळे तो नाराज आहे’ हे म्हणूनच खटकते. तिथे दुःखी, व्यथित हवे. लहान मूल बेत फसल्यावर हिरमुसते, सतत त्रास झाला की माणूस वैतागतो. सगळीकडे ‘नाराज’ चिकटवण्याची सवय अनुवादांतून फार बोकाळली आहे.

व्याकरण सोपे: तो, ती, ते, सगळ्यांना ‘नाराज’च. व्यक्तीला ‘वर’ लागतो: ‘ती माझ्यावर नाराज आहे’. ‘माझ्याशी नाराज’ ही हिंदीची छाया. नाम ‘नाराजी’, तिच्यातली ‘ई’ गरिबी, खुषीतली, ‘राजी’तली नव्हे. ‘नाराजगी’ची मराठीला गरज नाही.

‘रुसणे’ या सगळ्याहून जुने. संस्कृत ‘रुष्’, प्राकृत ‘रूसइ’, मराठी ‘रुसणे’. रुसायला माणूस आपला लागतो, आणि त्याने समजूत काढावी ही आशाही. अनोळखी कारकुनावर नाराज होता येते, रुसता येत नाही. पुढाऱ्यांच्या ‘रुसव्या-फुगव्यां’ची बातमी खोचक वाटते ती यामुळेच.