इंग्लंडमध्ये फ्युनरल डायरेक्टरशिवाय दफन: हक्क कोणाचा, कागद कोणते

इंग्लंडमध्ये घरातले कोणी गेले की पहिल्या तासाभरातच प्रश्न येतो, ‘फ्युनरल डायरेक्टर (म्हणजे पैसे घेऊन अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणारा व्यावसायिक) कोणता ठरवलात?’ वॉर्डातली नर्स विचारते, शेजारी विचारतात, आपलीच माणसेही विचारतात. सारखे ऐकून हे कायद्याने सक्तीचेच असावे असे वाटू लागते. तसे नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये फ्युनरल डायरेक्टर नेमलाच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. गावाकडे घरचे, भावकीतले आणि शेजारचे मिळून सगळे उरकतात, तसे इथेही करता येते. फरक एवढाच की इथे प्रत्येक पायरीला एक कागद आहे आणि तो हातात आल्याशिवाय पुढची पायरी येत नाही.

मराठी ख्रिस्ती आणि मुस्लिम कुटुंबे, समाधी देणारे लिंगायत, नाथपंथी गोसावी, महानुभाव, आणि लहान मूल गेले तर बहुतेक हिंदू घरे: दफन आपल्यात वाटते तितके विरळ नाही. खालची माहिती फक्त इंग्लंड आणि वेल्सची आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे नियम वेगळे आहेत, ते यात नाहीत.

निर्णय कोणी घ्यायचा

मृत्युपत्र असेल तर त्यात नेमलेल्या एक्झिक्युटरचा, म्हणजे मृत्युपत्राप्रमाणे व्यवहार पार पाडणाऱ्याचा, पहिला अधिकार. मृत्युपत्र नसेल तर जवळच्या नातेवाइकाचा. साधारणपणे आधी पती किंवा पत्नी, मग मुले. इथल्या कायद्यात मृतदेह कोणाची मालमत्ता नसतो, पण अंत्यविधीसाठी तो ताब्यात घेण्याचा हक्क या माणसांना असतो. ‘मला अमुक ठिकाणी पुरा’ असे गेलेल्या माणसाने लिहून ठेवले असले तरी ते कायद्याने बंधनकारक नाही. १८८२च्या विल्यम्स विरुद्ध विल्यम्स या निकालापासून हे तत्त्व चालत आले आहे. म्हणून घरात दफन की दहन यावर दोन मते असतील, तर अधिकार कोणाचा हे मृत्युपत्र उघडून पहिल्याच दिवशी पाहा. कागदोपत्री कामे सुरू झाल्यावर भावंडांत वाद निघाला तर देह मॉर्च्युरीत (शवागारात) अडकून पडतो आणि त्याचा त्रास सगळ्यांनाच होतो.

डॉक्टरांचा दाखला आणि मेडिकल एक्झामिनर

घरी अपेक्षित मृत्यू झाला तर जीपीला, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांना, कळवा. रात्र किंवा सुट्टी असेल तर १११ या आरोग्य हेल्पलाइनला फोन करा. मृत्यू अचानक झाला असेल तर ९९९ या आपत्कालीन नंबरला.

९ सप्टेंबर २०२४पासून या टप्प्यावर मोठा बदल झाला आहे. उपचार करणारे डॉक्टर मृत्यूच्या कारणाचा दाखला लिहितात, पण तो आता मेडिकल एक्झामिनर नावाचे दुसरे, स्वतंत्र डॉक्टर तपासतात. मृत्यू रुग्णालयात झालेला असो की घरी, ही तपासणी होतेच. मग दाखला थेट रजिस्ट्रारकडे, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जातो. पूर्वी कुटुंबाने तो पाकिटात घालून नेण्याची पद्धत होती, ती आता नाही.

मेडिकल एक्झामिनरच्या कार्यालयातून घरच्यांना फोन येतो. त्याला नुसती औपचारिकता समजू नका. उपचारांबद्दल मनात काही शंका असेल तर ती याच वेळी बोलायची असते. दफन लवकर करायचे असेल तर तेही इथेच स्पष्ट सांगा: आमच्याकडे मातीला उशीर करत नाहीत, शक्य तितक्या लवकर कागद हवेत. धार्मिक कारणाने घाई असेल तर ती लक्षात घेतली जाते, पण आपण सांगितल्याशिवाय कोणाला कळणार?

मृत्यूचे कारण माहीत नसेल, अपघात असेल, किंवा मृत्यू नैसर्गिक नसेल तर प्रकरण कोरोनरकडे, म्हणजे अशा मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते. शवविच्छेदन होऊ शकते. कधी इन्क्वेस्ट म्हणजे चौकशी उघडली जाते आणि ती महिनोन् महिने चालते. दफनासाठी तितके थांबावे लागत नाही. देहाची गरज संपली की कोरोनर दफनाचा आदेश देतात आणि बँकेसारख्या कामांसाठी मृत्यूचा तात्पुरता दाखलाही देतात.

नोंदणी आणि हिरवा कागद

मेडिकल एक्झामिनरकडून दाखला रजिस्ट्रारकडे पोचला की पाच दिवसांच्या आत नोंदणी करायची. मृत्यू ज्या भागात झाला तिथल्या रजिस्टर ऑफिसात वेळ घ्या. नोंदणी नातेवाईक करू शकतात, मृत्यूच्या वेळी हजर असलेली व्यक्ती करू शकते, अंत्यविधीची व्यवस्था पाहणारी व्यक्तीही करू शकते. फ्युनरल डायरेक्टर मात्र करू शकत नाही. म्हणजे हजारो पौंड देऊन कंपनी नेमली तरी हे काम शेवटी घरच्यांनाच करावे लागते.

विचारतात ते असे: पूर्ण नाव, आधीची नावे, जन्मतारीख आणि जन्मस्थळ, शेवटचा पत्ता, व्यवसाय, जोडीदाराचे नाव आणि व्यवसाय, सरकारी पेन्शन मिळत होती का. पासपोर्ट, जन्माचा आणि लग्नाचा दाखला, काउन्सिल टॅक्सचे बिल, एनएचएस क्रमांक, यांतले असेल ते सोबत न्या. एखादा कागद नसला म्हणून नोंदणी अडत नाही.

मराठी घरांनी इथे जरा जास्त वेळ द्यावा. आपल्या नावात मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते. लग्नानंतर काहींचे पहिले नावही बदललेले असते. पासपोर्टवर एक स्पेलिंग, पुण्याच्या बँकेत दुसरे, सातबाऱ्यावर तिसरेच. आधीची सगळी नावे, माहेरचे नाव धरून, एका कागदावर लिहून न्या आणि नोंद करून घ्या. रजिस्ट्रार सही करण्याआधी मसुदा वाचायला देतात. तो अक्षर न् अक्षर वाचा, घाई कितीही असली तरी. सही झाल्यावर दुरुस्ती करणे किचकट आहे, आणि चुकीच्या स्पेलिंगची किंमत पुढे महाराष्ट्रातला फ्लॅट किंवा शेत नावावर करताना मोजावी लागते.

नोंदणी मोफत असते. दाखल्याची प्रत १२.५० पौंडांना मिळते. चार-पाच प्रती तेव्हाच घेऊन ठेवा. बँका, पेन्शन आणि भारतातली कामे, सगळीकडे मूळ प्रत मागतात.

नोंदणीनंतर रजिस्ट्रार देतात तो दफन किंवा दहनाचा दाखला, बोलीभाषेत ‘ग्रीन फॉर्म’. तो विनामूल्य असतो. त्याच्याशिवाय किंवा कोरोनरच्या आदेशाशिवाय कोणतीही दफनभूमी देह स्वीकारत नाही. घाई असेल तर वैद्यकीय दाखला पोचल्यावर, नोंदणी व्हायच्या आधीही, दफनापुरता हा कागद देण्याचा अधिकार रजिस्ट्रारला आहे. शनिवार-रविवारी अशा दफनांसाठी अनेक काउन्सिलांचा (स्थानिक पालिकांचा) तातडीचा फोन नंबर असतो. फॉर्मचा एक भाग दफन झाल्यावर ९६ तासांच्या आत रजिस्ट्रारकडे परत जावा लागतो. दफनभूमीत हे काम तिथले अधिकारी करतात, खासगी जमिनीवर ते तुमच्यावर येते. १४ दिवसांत तो पोचला नाही तर रजिस्ट्रार चौकशी करतात.

देह ताब्यात घेणे, नेणे, ठेवणे

कागदांपेक्षा हा भाग अवघड आहे. कुटुंबाने हे सगळे स्वतः करावे की नाही, याचा निर्णय माझ्या मते इथे होतो. शक्य असेल तर एका माणसाने फक्त कागद बघावेत आणि दुसऱ्याने फक्त देहाचे बघावे. दोन्ही एकाच्याच अंगावर टाकू नका.

रुग्णालयाच्या मॉर्च्युरीतून देह घेण्यासाठी ओळखपत्र आणि रुग्णालयाचा सही केलेला सोडपत्राचा फॉर्म लागतो. बहुतेक ठिकाणी ग्रीन फॉर्मही बघतात. ‘आम्ही फक्त फ्युनरल डायरेक्टरकडेच देतो’ असे एखादा कर्मचारी सांगेल. तो मुद्दाम अडवतो असे नाही, त्याने दुसरे काही पाहिलेले नसते. वाद घालू नका. बिरिव्हमेंट ऑफिस (मृतांच्या नातेवाइकांसाठीचे रुग्णालयातले कार्यालय) किंवा मॉर्च्युरी मॅनेजरकडे जा आणि मी एक्झिक्युटर आहे किंवा जवळचा नातेवाईक आहे, देह मी स्वतः नेणार आहे, एवढेच शांतपणे सांगा. हक्क तुमचा आहे. किती वाजता यायचे, गाडी कुठल्या दाराशी लावायची, स्ट्रेचर मिळेल का आणि शवपेटी आतच आणायची का, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा.

शववाहिकाच हवी असा नियम नाही. देह आडवा मावेल अशी कोणतीही व्हॅन चालते. देह झाकलेला असला पाहिजे आणि वागणे सभ्यतेचे हवे. उचलायला चार ते सहा सशक्त माणसे ठेवा. इंग्लंड-वेल्सच्या आत नेण्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही; सीमेबाहेर, म्हणजे अगदी स्कॉटलंडला न्यायचे असले तरी, कोरोनरला आधी कळवावे लागते. भारतात न्यायचे असेल तर मात्र एम्बाल्मिंग (देह टिकावा म्हणून त्यात रसायने भरणे), सीलबंद पेटी, विमान कंपनीच्या अटी असा वेगळाच व्याप आहे. तिथे व्यावसायिकांची मदत घ्यावी असे मी स्पष्ट सांगेन.

देह घरी ठेवायलाही कायद्याची आडकाठी नाही. घरातली सर्वात थंड खोली निवडा, हीटिंग बंद करा, पडदे ओढा, पोट आणि छातीपाशी बर्फाची पाकिटे ठेवून ती बदलत राहा. थंडीच्या दिवसांत असे दोन-चार दिवस निभतात. उन्हाळ्यात मॉर्च्युरीतच राहू द्या आणि दफनाच्या सकाळी घ्या. अंघोळ घालणे, नवे कपडे नेसवणे, भस्म लावणे किंवा कफन घालणे, हे सगळे घरच्यांनी आपल्या हातांनी करता येते. मृत्यू संसर्गजन्य आजाराने झाला असेल तर आधी रुग्णालयाला विचारा. एम्बाल्मिंगची कायद्याने गरज नाही. पेसमेकर काढणे दहनासाठी आवश्यक असते. नैसर्गिक दफनभूमीतही (जिथे झाडा-कुरणांत पर्यावरणाला धक्का न लावता दफन करतात) तो काढायला सांगू शकतात, म्हणून आधी विचारावे.

शवपेटी हवीच असेही नाही, कफनात दफन करता येते. पण दफनभूमीचे स्वतःचे नियम असतात, ते लेखी मागवा. पेटी घेणार असाल तर पुठ्ठ्याची, वेताची, लाकडाची थेट विकत मिळते. तिची बाहेरची लांबी-रुंदी, कड्यांसकट, दफनभूमीला कळवा. खड्डा त्याच मापाने खणतात.

जागा

काउन्सिलच्या दफनभूमीत तुम्ही जमीन विकत घेत नाही. त्या कबरीत दफनाचा खास हक्क घेता, तो जास्तीत जास्त १०० वर्षांचा असतो. खड्डा खणून दफन करण्याचे शुल्क वेगळे, पुढे दगड बसवायची परवानगी वेगळी. गेलेली व्यक्ती त्या भागातली रहिवासी नसेल तर दर दुप्पट-तिप्पट होतात, म्हणून आधी दरपत्रक पाहा. आईवडिलांच्या कबरीत जागा असेल तर तिचा हक्क कोणाच्या नावावर आहे ते शोधा; मालक हयात नसेल तर हक्क आधी वारसाच्या नावावर करावा लागतो. दफनाची सूचना देणारा अर्ज काही कामकाजाचे दिवस आधी द्यायचा असतो. खणण्याचे काम तिथलेच कर्मचारी करतात. माती लोटणे कुटुंबाला करायचे असेल तर अर्जातच लिहा, बऱ्याच ठिकाणी परवानगी मिळते.

१९७७च्या आदेशानुसार काउन्सिलच्या दफनभूमीत पेटीवर किमान तीन फूट माती हवी, जमीन योग्य असेल तर दोन फूट. देह बसवून समाधी देण्याची रीत असलेल्यांसाठी हे महत्त्वाचे आहे: डोक्यावर तेवढी माती ठेवायची तर खड्डा नेहमीपेक्षा पुष्कळ खोल लागतो. ही मागणी पहिल्याच फोनवर सांगा. नैसर्गिक दफनभूमी अशा बाबतीत जास्त मोकळेपणाने ऐकून घेतात. अशी पहिली आधुनिक दफनभूमी कार्लाइलला १९९३ साली सुरू झाली, आता त्या देशभर आहेत.

स्वतःच्या जमिनीतही दफन करता येते. जमीनमालकाची संमती हवी, खरेदीखतात त्याविरुद्ध अट नको, गहाण असेल तर कर्ज देणाऱ्याला विचारावे. पिण्याच्या पाण्याची विहीर, बोअर किंवा झरा २५० मीटरच्या आत नको. इतर झरे-ओढे ३० मीटर आणि शेतातला निचरा १० मीटर दूर हवा. खणल्यावर खड्ड्यात पाणी साचता कामा नये. कबर कुठे आहे याची नकाशासह नोंद घराच्या कागदांत ठेवावी लागते. परसात पुरण्याचा विचार मात्र दहादा करा. उद्या घर विकले तर फुले वाहायला नव्या मालकाची परवानगी लागेल, आणि देह हलवायचा म्हटला तर न्याय मंत्रालयाचा परवाना.

खर्चासाठी मदत

युनिव्हर्सल क्रेडिट, पेन्शन क्रेडिट यांसारखे ठरावीक भत्ते घेणाऱ्या जवळच्या नातेवाइकाला फ्युनरल एक्स्पेन्सेस पेमेंट मिळू शकते. त्यातून दफनाचे शुल्क आणि इतर खर्चासाठी १,००० पौंडांपर्यंत रक्कम मिळते. अर्ज अंत्यविधीनंतर सहा महिन्यांच्या आत करायचा; मृताच्या मालमत्तेतून ती रक्कम वसूल होऊ शकते. गेलेल्याच्या खात्यात पैसे असतील तर दफनभूमीचे बिल आणि मृत्यूचा दाखला दाखवल्यावर बँक बहुधा थेट बिल भरते.

१८ वर्षांखालील मूल गेले असेल, किंवा २४ आठवड्यांनंतर बाळ मृत जन्मले असेल, तर इंग्लंडमध्ये चिल्ड्रन्स फ्युनरल फंड आहे. यात उत्पन्न विचारत नाहीत. दफनाचे शुल्क आणि पेटीसाठी ३०० पौंडांपर्यंत खर्च मिळतो, फ्युनरल डायरेक्टर नसला तरीही. अशा घरात अर्जाचा विषय आईबापांपुढे काढवत नाही. काका-मामांनी, मित्रांनी तो फॉर्म हातात घ्यावा.

दफनानंतर

रजिस्ट्रारने दिलेल्या क्रमांकावर ‘टेल अस वन्स’ सेवेत एकदा माहिती भरली की पेन्शन, कर, पासपोर्ट, ड्रायव्हिंग लायसन्स अशी बरीच सरकारी खाती कळवली जातात. बँका आणि वीज-गॅसच्या कंपन्यांना वेगळे कळवावे लागते. भारतीय पासपोर्ट असेल तर तो रद्द करण्यासाठी भारतीय उच्चायुक्तालयात द्यायचा. भारतातल्या बँकेसाठी किंवा तलाठ्याकडे वारसनोंदीसाठी इंग्लंडचा मृत्यूचा दाखला वापरायचा असेल तर त्यावर इथल्या परराष्ट्र खात्याच्या लीगलायझेशन ऑफिसकडून अपोस्टिल (कागद खरा असल्याची परदेशात चालणारी सरकारी मोहोर) करून घ्या. गावी जाण्यापूर्वीच ते करा, तिकडून करत बसलात तर प्रत पोस्टाने परत इंग्लंडला पाठवावी लागते.