संवादपाळी, आफ्रिकी नाटकांतील

नाटकात कोण केव्हा बोलतो, कोणाच्या वतीने बोलतो, कोणाला मध्येच तोडतो आणि कोण बोलायचेच नाकारतो, याची मांडणी म्हणजे संवादपाळी. रोजच्या बोलण्यातील पाळ्यांचे नियम हार्वी सॅक्स, इमॅन्युएल शेग्लॉफ आणि गेल जेफरसन या संभाषणाच्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये मांडले. बोलणारा पुढच्याला निवडतो, नाहीतर कोणीतरी आपणहून तोंड उघडतो, हे त्यांतले मुख्य सूत्र. नाटकात मात्र सगळ्या पाळ्या लेखकच वाटतो. आफ्रिका खंडभर याची एकच रीत अर्थातच नाही; येथे नायजेरिया, घाना व दक्षिण आफ्रिकेतील इंग्रजी नाटकांचा विचार केला आहे.

नायजेरियाचे नाटककार वोले सोयिंका यांचे ‘डेथ अँड द किंग्ज हॉर्समन’ (१९७५) या दृष्टीने फार सकस आहे. राजा वारला की त्याच्या अश्वपालाने, म्हणजे एलेसिनने, त्याच्यामागे जायचे, म्हणजे स्वतःही मरण पत्करायचे, अशी नायजेरियातील योरुबा लोकांची प्रथा त्यात आहे. बाजारात एलेसिन शिरतो तेव्हा स्तुतिगायक त्याला डिवचतो, प्रश्न टाकतो, हुंकारा देतो. एलेसिनचे लांबलचक बोलणे त्या आधारावर फुलते. पुढे एलेसिन तंद्रीत जातो. स्तुतिगायक तेच विचारत राहतो, माझा आवाज ऐकू येतो का? उत्तरे तुटक होतात, मग थांबतात. माणूस दूर चालला आहे हे प्रेक्षकाला कळते ते केवळ भरल्या न गेलेल्या पाळीमुळे.

याच नाटकात पिल्किंग्ज या गोऱ्या अधिकाऱ्याच्या घरी हिशेब वेगळा. पिल्किंग्ज पतिपत्नी मेजवानीसाठी एगुंगुन या पूर्वजपंथाचा पोशाख घालून बसली आहेत. त्यांच्या हाताखालचा पोलीस सार्जंट अमुसा मुसलमान असूनही मृत्यूच्या वेषापुढे मृत्यूविषयी बोलायला राजी होत नाही. साहेब ओरडतो, तरी नाही. शेवटी तो कळवायची बातमी कागदावर लिहून ठेवतो. अधिकार पिल्किंग्जच्या हाती, पण संभाषण अडवले आहे हाताखालच्या शिपायाने! हाच अमुसा पुढे बाजारातल्या पोरींच्या तावडीत सापडतो. त्या इंग्रज साहेबमडमांच्या तोऱ्यात झटपट एकेक वाक्य फेकतात आणि एकीने ‘सार्जंट!’ म्हणून दरडावताच हा ताठ उभा राहून ‘येस सर’ म्हणतो.

घानातील अकान लोकांच्या दरबारात प्रमुखाशी थेट बोलत नाहीत. ओक्येआमे हा प्रवक्ता दोन्हीकडचे शब्द पोहोचवतो. एफुआ सदरलँड यांनी ‘द मॅरेज ऑफ अनान्सेवा’ (१९७५) मध्ये अकान कथाकथनातील ‘म्बोगुओ’, म्हणजे गोष्टीत मध्येच घातलेले गाणे, वापरले आहे. गोष्ट चालू असताना गाणे घालून कथेकऱ्याला थांबवता येते, आणि हे मध्ये पडणे उद्धटपणाचे मानले जात नाही.

ॲथॉल फुगार्ड, जॉन कानी व विन्स्टन न्तशोना यांच्या ‘सिझवे बान्सी इज डेड’ (१९७२) या दक्षिण आफ्रिकेतील नाटकात सुरुवातीचा बराच वेळ स्टाइल्स हा छायाचित्रकार एकटाच बोलतो. पण त्या एकट्याच्या तोंडी कारखान्याचा गोरा साहेब, कामगार आणि दुभाषा असे सगळे असतात. साहेबाचे वाक्य कामगारांना त्यांच्या भाषेत सांगताना स्टाइल्स त्यातच साहेबाची टर उडवतो. साहेबाला काही कळत नाही, कामगार हसतात, आणि साहेबाला वाटते आपले भाषण आवडले.