नाशिकमध्ये सांडपाणी सोडण्याची परवानगी : कोणाला लागते, अर्ज कसा करायचा

सातपूर-अंबडला प्लेटिंगचं, म्हणजे धातूचा मुलामा देण्याचं युनिट, फूड प्रोसेसिंग किंवा गाड्यांचं सर्व्हिस स्टेशन सुरू करताना पाणी कुठून येणार हे सगळे आधी बघतात. ते बाहेर कुठे जाणार, हेही तेव्हाच ठरवा. जल प्रदूषण प्रतिबंध कायदा, 1974 प्रमाणे सांडपाणी नाल्यात, गटारात किंवा जमिनीवर सोडायचं तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती, म्हणजे कन्सेंट लागते.

ती दोन टप्प्यांत मिळते. उभारणीपूर्वी स्थापनेची आणि उत्पादन सुरू करण्यापूर्वी चालवण्याची. पहिली हातात आली म्हणून मशीन चालू करता येत नाही. प्रदूषण किती होऊ शकतं त्यानुसार उद्योगांचे रंगांचे प्रवर्ग केलेले आहेत, लाल सगळ्यात जास्त आणि पांढरा सगळ्यात कमी. लाल, नारिंगी आणि हिरव्या प्रवर्गातल्या उद्योगांना संमती लागते. पांढऱ्या प्रवर्गाने मंडळाला नुसतं कळवायचं असतं.

अर्ज ऑनलाइन करायचा. मंडळाचं नाशिकचं कार्यालय त्र्यंबक रोडवर, आयटीआयजवळच्या उद्योग भवनात आहे. जागेचं वाटपपत्र किंवा भाडेकरार, जागेचा नकाशा, उत्पादन प्रक्रियेचा तपशील, ईटीपीचा (कारखान्यातल्या सांडपाणी शुद्धीकरण यंत्रणेचा) आराखडा आणि भांडवली गुंतवणुकीचा सीएचा दाखला जोडा. शुल्क गुंतवणुकीवर ठरतं, म्हणून हा दाखला नीट तपासून घ्या.

अर्ज अडकतो तो बहुतेक वेळा पाण्याच्या हिशेबात. रोज 10 हजार लिटर पाणी घेता आणि सांडपाणी 2 हजारच दाखवता, तर उरलेलं 8 हजार कुठे जातं? मालात, वाफेत की बागेला, ते लिहिलेलं हवं आणि एमआयडीसीच्या पाणीबिलाशी जुळायला हवं.

आता मर्यादांकडे या. सर्वसाधारण मानकांनुसार नदी-नाल्यात सोडायच्या पाण्याचा बीओडी, म्हणजे त्यातली सेंद्रिय घाण कुजताना किती ऑक्सिजन लागतो याचं माप, लिटरला 30 मिलिग्रॅमच्या आत लागतो. शुद्धीकरण केंद्राकडे जाणाऱ्या गटारासाठी 350 चालतो, कारण पुढचं काम आगर टाकळी किंवा तपोवनचं केंद्र करतं. प्लेटिंगमधून येणाऱ्या निकेल या धातूची मर्यादा मात्र दोन्हीकडे 3 मिलिग्रॅमच आहे. केंद्रातले जिवाणू सेंद्रिय घाण खातात, धातू खात नाहीत. निकेल एकतर गाळात साचतं, नाहीतर गोदावरीत उतरतं. ते तुमच्या ईटीपीतच थांबायला हवं. तुमच्या कन्सेंटमधली मर्यादा याहून कडक असू शकते आणि तुम्हाला तीच लागू.

पावसाच्या पाण्यासाठी वेगळा परवाना नसतो. त्याबद्दलची अट कन्सेंटमध्येच येते. सांडपाण्याची लाइन पूर्ण वेगळी हवी, शेवटच्या चेंबरला प्रवाह मोजायची सोय हवी आणि त्या चेंबरच्या पुढे एक थेंबही मिसळता कामा नये. ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण पावसाळी गटाराच्या तोंडाशी कुठलंच शुद्धीकरण केंद्र नाही. प्लेटिंगच्या टाकीतून काढलेला जॉब, म्हणजे मुलामा दिलेला भाग, निथळू न देता उचलला की फरशीवर हिरवट थेंबांची ओळ पडते. शेडबाहेर ड्रमच्या बुडाशी तेलाचं वर्तुळ असतं. पहिल्या जोराच्या पावसात हे सगळं नाल्यातून थेट नंदिनी नदीत जातं. जॉब टाकीवरच निथळू द्या, ड्रम छपराखाली आणि कठड्याच्या आत ठेवा.

महापालिकेच्या ड्रेनेजला जोडायचं असेल तर महापालिकेची परवानगी वेगळी घ्यावी लागते. ती कन्सेंटमध्ये धरलेली नसते. आणि महापालिकाही यातून सुटलेली नाही, तिच्या शुद्धीकरण केंद्रांनाही मंडळाची संमती लागतेच.

कायद्यानुसार चार महिन्यांत मंजुरी किंवा नकार आला नाही, तर संमती मिळाली असं धरलं जातं. त्यासाठी अर्ज पूर्ण असावा आणि पोच जपून ठेवावी. नकार आला किंवा अट जाचक वाटली तर 30 दिवसांत अपील करता येतं. कन्सेंटची मुदत संपण्याच्या 60 दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करा. पर्यावरण विवरणपत्र दरवर्षी 30 सप्टेंबरपर्यंत द्यायचं असतं.

शेजारच्या कारखान्याच्या पाण्याचा त्रास होत असेल, तर त्याला घातलेल्या अटींची नोंदवही बाधित नागरिकाला मंडळात जाऊन पाहता येते. कलम 25 मध्ये तशी तरतूद आहे. तक्रार लिहिण्याआधी ती जरूर पाहा. अट क्रमांकासह दिलेली तक्रार टाळणं कठीण जातं.