परवीन मिस्त्रीच्या मागे नाशिकची कोण होती?

सुजाता मॅसीची रहस्यकादंबरी ‘द विडोज ऑफ मलबार हिल’ 2018 ला आली, आपल्याकडे ‘अ मर्डर ऑन मलबार हिल’ या नावाने मिळते. काळ 1921, मुंबई. तपास करणारी परवीन मिस्त्री पारशी, वडिलांच्या फर्ममध्ये वकिली करते पण बाई असल्यामुळे कोर्टात उभं राहता येत नाही. एका मुसलमान गिरणीमालकाच्या तीन विधवा पडद्यात राहतात, आम्ही मेहेरची (लग्नात नवऱ्याकडून बायकोला ठरलेली) रक्कम वक्फला, म्हणजे धर्मादाय ट्रस्टला, देऊन टाकतोय असं त्यांच्या नावाचं पत्र येतं, हिला सह्यांचा संशय येतो आणि मग खून होतो. पुढचं सांगत नाही.

मला खरं धरून ठेवलं ते दुसऱ्या धाग्याने. परवीनचे आईवडील बऱ्यापैकी सुधारक, पण लग्न होऊन ती कलकत्त्याला जाते आणि तिथे पाळीच्या दिवसांत तिला वेगळ्या खोलीत डांबतात, अंघोळ नाही, कोणाला शिवायचं नाही. आपल्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणायचे त्यातलाच प्रकार, फक्त जास्त कडक. पंचवटीतल्या आमच्या जुन्या वाड्यात जिन्याखाली एक अंधारी खोली होती, आजी ‘बाजूला बसायची’ ती तिथेच, त्यामुळे ती पानं वाचताना मला कलकत्ता दिसतच नव्हतं.

आता नाशिकचा संबंध. परवीन ज्यांच्यावरून सुचली त्यात एक नाव आहे कॉर्नेलिया सोराबजी, जन्म 1866, नाशिक. वडील पारशी घरात जन्मलेले, नंतर ख्रिस्ती झाले आणि चर्च मिशनरी सोसायटीचं काम करायला लागले. म्हणजे ज्यांनी आपलं नाशिकचं शरणपूर वसवलं तेच मिशन. मिशनऱ्याचं घर, शिस्त पक्की इंग्रजी. ही मुलगी मुंबई विद्यापीठाची पहिली महिला पदवीधर झाली, 1889 ला ऑक्सफर्डला गेली, 1892 ला तिथली कायद्याची परीक्षा दिली आणि परत आली तर इथे बाईला वकिली करायची परवानगीच नाही.

मग तिने जे काम निवडलं ते ऐकायला कोरडं वाटतं पण अख्खी डिटेक्टिव्ह कादंबरी त्यातच दडलीय. पडदानशीन बाईच्या नावावर इस्टेट असायची पण परका पुरुष तिच्यासमोर जाऊ शकत नाही, म्हणजे वकील नाही, साहेब नाही, पोलीस नाही, कागद आत जाणार आणि अंगठा उठून बाहेर येणार तो मॅनेजर नाहीतर दिराच्या हातून, मग त्या कागदावर काय लिहिलंय आणि अंगठा नक्की कोणाचा हे बघणार कोण? आत जाऊ शकणारी एखादी शिकलेली बाईच. 1904 ला बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने (अल्पवयीन मुलं, बायका अशांच्या इस्टेटी सांभाळणारं सरकारी खातं) कॉर्नेलियाला याच कामावर नेमलं आणि सहाशेच्या वर बायका-मुलांना तिने मदत केली असं सांगतात. होम्सला त्या दाराआड कोणी घेतलं नसतं.

पण तिला एकदम क्रांतिकारक करून टाकू नका. ती इंग्रजांच्या बाजूची, गांधींच्या विरोधात, कॅथरीन मेयोच्या ‘मदर इंडिया’ या भारतीय समाजावर सडकून टीका करणाऱ्या पुस्तकाचं कौतुक करणारी. परवीन तशी नाही, ती सोय लेखिकेने करून घेतलीय आणि माझ्या मते बरंच केलं.

तिच्याच वयाची अजून एक नाशिककर, जलालपूरला 1868 ला जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक. वडिलांना सोवळ्याचं इतकं वेड की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात नाही. 1895 ला नवरा ख्रिस्ती झाला, पण लक्ष्मीबाईंचं सोवळं काही एका दिवसात सुटलं नाही, हळूहळू सुटलं, बाप्तिस्मा त्याच्याही नंतर. ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग 1934 चा आणि कॉर्नेलियाचं आत्मचरित्र ‘इंडिया कॉलिंग’ पण 1934 चंच! आता सांगा, परवीन त्या कोंडलेल्या खोलीत स्वतःशी जे भांडते ते समजून घ्यायला मला तरी कॉर्नेलियापेक्षा लक्ष्मीबाईच जास्त उपयोगी पडल्या, कारण कॉर्नेलिया दुसऱ्यांच्या घरात शिरली आणि लक्ष्मीबाईंना स्वतःच्याच अंगात मुरलेलं सोवळं काढायचं होतं.

एक कायद्याची गोष्ट राहिली, ती माहीत नसेल तर परवीन सरळ घटस्फोट का घेत नाही हे कळणार नाही. पारशी विवाह कायदा 1865 चा. नवरा वेश्येकडे जातो एवढ्यावर बायकोला त्यात घटस्फोट मिळत नव्हता, म्हणून परवीनला नुसतं कोर्टाकडून वेगळं राहण्यावर भागवावं लागतं, दुसरं लग्न बंद. बायकांना वकिलीची परवानगी देणारा कायदा 1923 चा, म्हणजे ते दार उघडायला तिला अजून दोनच वर्षं आहेत. पारशी लग्नाचा नवीन कायदा मात्र 1936 चा.