युवा मेंटॉरिंग : आखणी व मूल्यमापन (बेळगाव सीमाभाग)

वयाने मोठ्या, पण घरच्या नसलेल्या व्यक्तीने किशोरवयीन मुलामुलींना दीर्घकाळ नियमित सोबत देणे म्हणजे मेंटॉरिंग. शिकवणी किंवा करिअरवरचे एखादे व्याख्यान त्यात बसत नाही, जरी अनेकदा त्यालाच हे नाव दिले जाते.

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात पहिला प्रश्न येतो तो कधी सुरू करायचे आणि कधी थांबायचे याचा. मराठी माध्यमातून एसएसएलसी (कर्नाटकातील दहावी) झालेल्या मुलीने पीयूसीला (अकरावी-बारावी) विज्ञान घेतले की पुस्तके बहुधा इंग्रजी आणि सरकारी अर्ज कन्नड, अशी तिची एकदम कोंडी होते. म्हणून मूल आणि त्याचा सोबती (मेंटॉर) यांची जोडी नववीत जमवून पीयूसीचे पहिले वर्ष संपेपर्यंत टिकवावी. दहावीच्या निकालानंतर सत्कार करून उपक्रम गुंडाळणे सोयीचे खरे, पण गरज सुरू होते ती तिथूनच. सोबती याच वाटेने गेलेला आणि कन्नड येणारा असेल तर उत्तम. त्याची पूर्वचौकशी करावी, भेटी चारचौघांत दिसतील अशा जागी ठेवाव्यात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात भेटीची वेळ शेवटची बस पाहूनच ठरवावी लागते. पावसाळ्यात तर गावातलाच सोबती बरा.

अर्धवट सुटलेली जोडी निरुपद्रवी नसते. अमेरिकेतील ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ या मेंटॉरिंग संस्थेतील मुलांच्या माहितीवरून २००२ मध्ये असे दिसले, की वर्षभर टिकलेल्या जोड्यांतील मुलांना लाभ झाला, तर तीन महिन्यांच्या आत तुटलेल्यांत मुलांचा आत्मसन्मान घटला. पुढे २०११ मध्ये मेंटॉरिंग उपक्रमांची ७३ मूल्यमापने एकत्र तपासली, तेव्हा सरासरी परिणाम माफकच निघाला.

मुलांना विचारून समाधान मानणेही फसवे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये १९३९ साली सुरू झालेल्या केंब्रिज-सॉमरव्हिल प्रकल्पात मुलग्यांना समुपदेशकांची दीर्घकाळ सोबत दिली गेली; त्यांतील बहुतेकांनी पुढे ‘फायदा झाला’ असे सांगितले. प्रत्यक्षात १९७८ च्या पाहणीत मदत न मिळालेल्या गटापेक्षा त्यांचीच स्थिती काही बाबतींत वाईट होती.

स्वतःहून नाव नोंदवणारी मुले मुळातच होतकरू असतात, त्यामुळे त्यांची वर्गाशी तुलना निरर्थक ठरते. अर्ज जास्त आले तर चिठ्ठ्या टाकाव्यात, उरलेल्यांना पुढच्या वर्षी घ्यावे आणि दोन्ही गट ताडून पाहावेत. तुटलेल्या जोड्या हिशेबातून वगळू नयेत, प्रश्नावली सोबत्याने भरू नये. टक्केवारीपेक्षा साधी नोंद अधिक बोलकी : पीयूसीला नाव घातलेली मुलगी दसऱ्याच्या सुट्टीनंतर वर्गात परतली का?