कॉलेज बदलताना: बेळगाव, खानापूर, निपाणी भागातील विद्यार्थी आणि पालकांसाठी

कॉलेज बदलायचे ठरले की बहुतेक जण आधी टीसी, म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढायला धावतात. कृपया तसे करू नका. टीसी हा शेवटी काढायचा कागद आहे. तो हातात पडला की जुन्या कॉलेजच्या पटावरून नाव कमी झाले. त्यानंतर नव्या कॉलेजने जागा नाही म्हणून सांगितले, तर मुलगा ना इकडचा ना तिकडचा, आणि वर्ष वाया जाते. म्हणून आधी नव्या कॉलेजकडून जागा असल्याचे लेखी संमतिपत्र घ्या. मग जुन्या कॉलेजचे ना हरकत पत्र, मग विद्यापीठाची परवानगी आणि सगळ्यात शेवटी टीसी. तोंडी 'या, बघू' यावर विसंबू नका. कागदावर सही-शिक्का हवा.

विद्यापीठ तेच राहते की बदलते, यावर पुढचे सगळे काम ठरते. बेळगावातून गोकाकला किंवा निपाणीला गेलात, आणि दोन्ही कॉलेजे राणी चन्नम्मा विद्यापीठाचीच असली, तर मायग्रेशन, म्हणजे विद्यापीठ सोडल्याचा दाखला, लागत नाही. नव्या कॉलेजचे संमतिपत्र, जुन्या कॉलेजचे ना हरकत पत्र, मार्क्सकार्डे आणि विद्यापीठाची परवानगी एवढ्यावर काम होते. पण निपाणीहून महाराष्ट्रातल्या कागलला गेलात, तर बसचा रस्ता थोडका असला तरी विद्यापीठ बदलले: तिकडे कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ. मग इकडचे मायग्रेशन आणि तिकडची पात्रता, म्हणजे एलिजिबिलिटी, दोन्ही लागतात. प्रवेश आधी तात्पुरता असतो. पात्रतेचे कागद अपुरे राहिले तर निकाल राखून ठेवला जातो, आणि हे कळते परीक्षा देऊन झाल्यावर.

बदल वर्षाच्या सुरुवातीलाच करावा, म्हणजे तिसऱ्या किंवा पाचव्या सेमला. मध्येच गेले की हजेरी आणि इंटर्नलचे गुण दोन्ही अडकतात. त्यातही तिसरे सेम बरे. शेवटच्या वर्षाला दुसरे विद्यापीठ सहसा घेत नाही, कारण पदवी त्यांच्या नावाने द्यायची, तर शिक्षणाचा मोठा भाग त्यांच्याकडे झालेला हवा.

खरी अडचण येते पेपर जुळवताना. कर्नाटकात राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाची रचना 2021-22 मध्ये आली आणि 2024-25 पासून ती बाजूला ठेवून पुन्हा तीन वर्षांची पदवी सुरू झाली. महाराष्ट्रात मात्र संलग्न कॉलेजांत राष्ट्रीय धोरणाचीच रचना 2024-25 पासून लागू झाली. त्यामुळे पेपरचे नाव एकच असले तरी क्रेडिट, म्हणजे पेपरला दिलेले श्रेयांक, वेगळे निघतात, आणि इकडे न शिकवलेले पेपर तिकडे जादा बसून सोडवावे लागतात. नुसती मार्क्सकार्डे नेऊ नका. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक पेपरचा छापील अभ्यासक्रम काढा आणि पानापानावर प्राचार्यांचा सही-शिक्का घ्या. नुसत्या पहिल्या पानावर शिक्का मारून आणलेली फाईल परत येते. विषय राहिला असेल, म्हणजे तिकडच्या भाषेत एटीकेटी असेल, तर तो आधी सोडवलेला बरा.

नावाची तपासणी घरी बसून करा. मार्क्सकार्डावर 'सागर मारुती पाटील', आधारवर 'पाटील सागर मारुती' आणि टीसीवर कन्नडात नुसते 'सागर एम. पाटील' अशी तीन नावे अर्ज भरून देण्याच्या आमच्या कामात रोज समोर येतात. माणूस एकच, पण संगणकाला ते पटत नाही, आणि अपार आयडीत, म्हणजे विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदीच्या देशपातळीवरील खात्यात, क्रेडिट जमा होत नाहीत. दहावीचे मार्क्सकार्ड प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे दुरुस्त करा. टीसी कन्नडात असेल तर इंग्रजी प्रत मागून घ्या.

नावे दोन, कागद एकच, हेही लक्षात ठेवा. इकडचे स्टडी सर्टिफिकेट म्हणजे तिकडचे बोनाफाईड. इकडचे मार्क्सकार्ड म्हणजे तिकडचे गुणपत्रक. जातीच्या दाखल्याचे मात्र तसे नाही. नाडकचेरीतून, म्हणजे इकडच्या महसूल कचेरीतून, मिळालेला 3बी या मागास प्रवर्गाचा दाखला महाराष्ट्रात आरक्षणासाठी चालत नाही, आणि तिकडचा इकडे चालत नाही. शिष्यवृत्तीचे पोर्टलही वेगळे: इकडे एसएसपी, तिकडे महाडीबीटी. सवलत मिळेल असे गृहीत धरून फीचा हिशेब करू नका. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या 865 गावांतील मराठी भाषकांसाठी तिकडच्या सीईटीच्या प्रवेशात सीमाभागाची वेगळी नोंद असते. त्यासाठी गावच्या रहिवासाचा आणि मातृभाषा मराठी असल्याचा, असे दोन दाखले लागतात. हा हक्क माहीत नसल्याने सुटतो, म्हणून मुद्दाम लिहिले.

भरलेल्या फीबद्दल यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, 2018 चा नियम आहे. प्रवेशाच्या शेवटच्या तारखेच्या 15 दिवस आधी नाव काढले तर पूर्ण फी परत मिळते, फक्त 5 टक्के आणि जास्तीत जास्त 5,000 रुपये प्रक्रियेपोटी कापता येतात. त्यानंतर तारखेपर्यंत 90 टक्के, तारखेनंतर 15 दिवसांत 80, 30 दिवसांत 50, पुढे काही नाही. काही वर्षी यूजीसी याहून सवलतीच्या तारखा काढते, त्या पाहून घ्या. फी बाकी आहे म्हणून मूळ कागद अडवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही.

पीयूसी फर्स्ट इयर, म्हणजे अकरावी, इकडे आणि बारावी तिकडे, असे शक्यतो करू नका. दोन्ही बोर्डांची परवानगी आणि विषयांची जुळणी यांतच दिवस जातात. पीयूसी पूर्ण करूनच बदला.

आम्ही अर्ज भरतो, कागदांचा क्रम लावून देतो, नावातली तफावत शोधतो. सीट मिळवून देत नाही, आणि तसे कोणी सांगितले तर पैसे देऊ नका. येताना दहावीपासूनची सगळी मूळ मार्क्सकार्डे, आधार, अपार आयडी, फीच्या पावत्या, चार फोटो आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स आणा. मूळ कागद आम्ही ठेवून घेत नाही, पाहून लगेच परत देतो.